लाभ, दोन, तीन

पेवात माणूस उतरायच्या आधी कंदील उतरवायचा.
विझला तर खाली हवा नाही.
तेवत राहिला तर जा.
हे आबांनी शिकवलं, मी नववीत असताना,
आणि मला वाटलं होतं, याचा आता काय उपयोग,
हरिपुरातली निम्मी पेवं पुरानं आत बसलेली,
हळद सगळी कोल्ड स्टोरेजला.

मगदूम अण्णांचं एक तेवढं शाबूत राहिलं.
तोंड खांद्याएवढं, पोट खोलीएवढं.
संघपालनं त्यात सहज ओ दिली
आणि ती ओ परत आली
वयानं मोठी होऊन.
त्या दिवशी ठरलं, अल्बम इथंच.

सुजात शब्दांचा. त्याला रॅप म्हणायचं,
आई म्हणते, हा भांडणं पाठ करतो.
उत्क्रांती गळ्याची. मिरजेला नर्सिंगला होती तेव्हा
नाइट ड्यूटी संपता संपता
चॅपलमधून यायचे ते सूर तिनं नुसत्या कानानं उचलले,
खाली आईची जयंतीतली गाणी होतीच.
त्याला म्हणे सोल म्हणतात.
आई म्हणते, ही पोरगी रडणं अर्ध्यात धरून ठेवते.
मी कशाचीच नाही.
मार्केट यार्डात पट्ट्या लिहिते
आणि रात्री दोर धरते.

ऊसाचे ट्रॅक्टर थांबायला दीड वाजायचा.
त्यांच्या टपावरचे कर्णे लांब गेले की
माइक सोडायचा, विहिरीत पोहरा सोडतात तसा,
मग उत्क्रांती, कमरेला आबांचा हमालीचा पट्टा.
वरून तिच्या भांगाची रेघ तेवढी दिसायची.
ती गायली की भिंतीतून जुनी हळद उठायची,
सकाळी तिच्या रुमालावर पिवळी शिंक.

ठेका मात्र आबांचा.
यार्डात पहिल्या पोत्याला एक म्हणत नाहीत,
लाभ म्हणतात.
लाभ, दोन, तीन, चार.
कुणाचा लाभ, ते पोतं वाहणाऱ्यानं विचारायचं नसतं.
संघपालनं त्यांना माइकपुढं बसवलं, खुर्ची दिली, पाणी दिलं,
आणि आबांना मोजताच येईना.
लाभ म्हणायचे आणि गप्प.
घसा खाकरायचे, परत लाभ, परत गप्प.
शेवटी स्वतःच उठले, म्हणाले, पोतं आणा.
डॉक्टरनं बजावलंय, आम्ही म्हणालो.
पोतं आणा.
पन्नास किलो पाठीवर आलं
तेव्हा लय आली.
दोन आणि तीनच्या मधला तो श्वास
संघपालनं पुसला नाही.
त्याच्यावर वेगळा ड्रम लागलाच नाही.

चौथ्या गाण्यावरून मोडलं.
सुजातच्या सोळा ओळींतल्या बारा उत्क्रांतीनं कापल्या,
म्हणाली, तू ओरडतोस, मला जागा ठेव.
अकरा दिवस एका घरात, एका मोरीत, बोलणं नाही.
बाराव्या दिवशी तो भडंगाचा पुडा घेऊन आला,
कांदा तिच्या हातानं चिरलेला लागतो म्हणाला.
बारा ओळी परत आल्या नाहीत.
त्या चार आता मला तोंडपाठ आहेत.

सातव्या गाण्यात मी आहे.
उत्क्रांती खाली, सूर वर चढत होता,
आणि कंदील आधी निळा झाला, मग बारीक.
मी वर ये म्हणाले, मग किंचाळले, मग दोर ओढला.
गाणं तिथंच तुटतं.
पट्ट्याची घासट, माझी शिवी, कुत्रं भुंकतं,
आणि वर आलेल्या माणसाचा पहिला मोठा श्वास.
दुसऱ्यांदा गायली, नीट, पूर्ण.
ठेवलं मात्र हेच.

नऊ गाणी, एकतीस मिनिटं.
पेव फुटलं वगैरे काही नाही,
पहिल्या आठवड्यात ऐकणारे दोनशे चौदा,
त्यातले चाळीसेक यार्डातले.
हमाल जेवायला बसले की एकाच फोनभोवती,
लाभ आला की सगळे आबांच्या पाठीकडं बघतात.

आबांनी घरी ऐकलं, एका कानात, तोही जरा कमी ऐकणारा.
डोळे मिटून, एकतीस मिनिटं, कूस न बदलता.
संपल्यावर म्हणाले,
पाचवं पोतं कुठाय?